एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

(मोरोक्कोतलं फेज शहर, जुनी वस्ती. शुक्रवारची सकाळ. बतूलच्या स्वयंपाकघरात तिचा धाकटा भाऊ तय्यब, निवृत्त गणितमास्तर; तो तिला मानानं ‘लाल्ला’ म्हणतो.)

बतूल : मग? सापडला की नाही?

तय्यब : आधी चहा तरी दे, लाल्ला. एवढा जिना चढून आलोय.

बतूल : चहा उकळतोय. पुदिना कालचा आहे, नाक मुरडू नकोस. माझ्या झुबैरच्या आकड्याचा जोडीदार सापडला का, तेवढं सांग. कणीक फुगून परातीबाहेर यायला लागलीय.

तय्यब : परातभर कणीक? एकटीसाठी?

बतूल : मला दोनच रोट्या हव्यात. एक त्याला, एक मला. बाकीच्या हाताच्या सवयीनं झाल्या. झुबैरच्या गोदीतला जवाद दुपारच्या नमाजानंतर निघतोय. आधी टँजरची गाडी, मग बोट, मग पुढे फ्रान्समधलं मार्सेय, झुबैरकडे. त्याच्या आत आकडे कोरायचे, भट्टीवर भाजून आणायच्या आणि फडक्यात बांधून त्याच्या हातात द्यायच्या. तू इथे पुदिना बघत बस.

तय्यब : सकाळपासून काही खाल्लंस का?

बतूल : भूक नाही.

तय्यब : कालही नव्हती.

बतूल : तू मास्तर होतास, वैद्य कधी झालास? आकडा सांग.

तय्यब : सांगतो. हा फोटो घे आधी. जपून आणलाय.

बतूल : दे. बघ, पोरगा किती वाळलाय. जवादनं दाखवला तेव्हा मला पहिल्यांदा तोंड दिसलंच नाही. छातीवरचा आकडा दिसला. म्हटलं, संपलं, पोरगं तुरुंगात पडलं. मी रडायलाच बसले. जवाद म्हणाला, मावशी, अहो गोदीत सगळ्यांच्या जाकिटावर असतो, माझ्याही आहे. मग हसले. मग परत रडले.

तय्यब : एक लाख चार हजार सातशे एकोणतीस.

बतूल : पाठ केलास?

तय्यब : रात्रभर त्याच्याच मागे होतो, पाठ न होऊन कसं चालेल?

बतूल : दोन वर्षांत माझ्या हाती लागलेली ही त्याची एकच गोष्ट. पत्ता नाही, फोन नाही. एक फोटो, तोही दुसऱ्याच्या फोनमधून काढून आणलेला, आणि त्यावर हा आकडा. म्हणून म्हटलं, आजोबांसारखं करू.

तय्यब : आजोबांसारखं! लाल्ला, मी चाळीस वर्षं फळ्यावर गणित शिकवलं. रोटीवर नाही.

बतूल : आजोबाही तेच गणित करायचे.

तय्यब : गणित तेच. दोनशे वीस घे. त्याचे वाटे मांड, म्हणजे ज्यांनी त्याला पूर्ण भाग जातो ते. एक, दोन, चार, पाच, दहा, अकरा, असे थेट एकशे दहापर्यंत. तो स्वतः सोडून. त्यांची बेरीज येते दोनशे चौऱ्याऐंशी. आता दोनशे चौऱ्याऐंशीचे वाटे मांड. बेरीज दोनशे वीस. एकाच्या पोटात दुसरा. इतकं देखणं आहे ते. त्यावर आजोबांनी बायकांना रोट्या विकायला नको होत्या.

बतूल : विकायचे नाहीत हं. फुकट द्यायचे. नवरा परगावी गेला की बाई यायची, आजोबा दोन रोट्यांवर दोन आकडे कोरायचे. एक त्याच्याकडे पाठवायची, एक तिनं खायची. मग दोघांचा जीव एकमेकांकडे ओढ घ्यायचा.

तय्यब : आणि किती नवरे परत आले?

बतूल : आले की. कोपऱ्यावरच्या हुसनियाचा आला.

तय्यब : तो दुसरी बायको घेऊन आला.

बतूल : आला ना पण!

तय्यब : तुझ्यापुढे हात टेकले. बरं, मग तेच दोन आकडे कोर. दोनशे वीस त्याला, दोनशे चौऱ्याऐंशी तुला. दोन मिनिटांचं काम.

बतूल : ते सगळ्या गावाचे झाले, तय्यब. हुसनियाचे, तिच्या सवतीचे, सगळ्यांचे. मला माझ्या पोराच्या आकड्याचा जोडीदार हवाय. देवानं त्याच्या छातीवर एक आकडा लिहिला, तर त्याला जोडही कुठेतरी ठेवली असणार.

तय्यब : देवानं नाही लिहिला. गोदीच्या मुकादमानं लिहिला.

बतूल : तू आकडा सांगतोस की मी भट्टीवाल्याला विचारू?

तय्यब : सांगतो. सापडलाय. एक लाख अकरा हजार तीनशे चार.

बतूल : खरंच?

तय्यब : हो.

बतूल : एक लाख अकरा हजार... थांब, तिकडे कागदावर लिहून दे, मी बघून कोरते. सुई कुठे ठेवली मी? केवढा मोठा आहे रे. मावेल ना रोटीवर?

तय्यब : मावेल.

बतूल : आणि झुबैरचे वाटे कुठले?

तय्यब : कशाला हवेत तुला?

बतूल : असंच. बघू दे तरी त्याच्या पोटात काय काय आहे ते. काल तू समजावून गेलास, तर संध्याकाळी मी ऑलिव्ह घेऊन बसले होते दोनशे वीसचे वाटे करायला. शेजारीण म्हणाली, वेड लागलं का? सांग ना. पहिला कुठला?

तय्यब : सात.

बतूल : सात. किती वेळा सात?

तय्यब : म्हणजे, सात गुणिले... चौदा हजार नऊशे... साधारण.

बतूल : साधारण?

तय्यब : पुढे बरेच आहेत, लाल्ला. सगळे कुठे तोंडपाठ असणार.

बतूल : तय्यब.

तय्यब : काय?

बतूल : चष्मा का पुसतोयस?

तय्यब : वाफ आली चहाची.

बतूल : चहा अजून ओतला नाही मी. लहानपणी मुरांबा चोरून खाल्लास की तू टोपी पुसायचास, आता चष्मा पुसतोस. खोटं बोलायचं तर माझ्या तोंडाकडे बघून बोल.

तय्यब : जोडीदार नाही.

बतूल : अजून सापडला नाही, की नाहीच?

तय्यब : नाहीच. बस जरा.

बतूल : मी उभीच बरी. कणीक वाट बघत नाही. तू बोल, मी गोळे करते.

तय्यब : हा आकडा फुटतच नाही. मी सगळं करून पाहिलं. दोन, तीन, सात, अकरा. रात्री वाटलं, आपलं काहीतरी चुकलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तीनशे सतरापर्यंत गेलो. त्यापुढे जायची गरजच नसते. कशानंही भाग जात नाही त्याला. मूळ संख्या म्हणतात अशाला.

बतूल : म्हणजे त्याचे वाटेच होत नाहीत?

तय्यब : नाही होत. कितीही जणांत वाटायला बस, सारखा वाटला जात नाही तो. काहीतरी उरतंच.

बतूल : हट्टी मेला. अगदी बापावर गेलाय.

तय्यब : बापावर? मुफद्दल बिचारा मेंढरासारखा गरीब माणूस होता. फोनवर कोण काय बोललं होतं, ते आठव.

बतूल : मी काय वाईट बोलले? तो म्हणाला, आई, इथे ये, खोली घेतलीय, खिडकीतून समुद्र दिसतो. मी म्हटलं, मी तिथे आले तर मग तू इथे कशाला येशील? एवढंच म्हटलं. त्याच्या बापाची कबर इथे, हे घर इथे. मी निघाले की दाराला कुलूप. कुलपाकडे कोण परत येतं?

तय्यब : आणि तो?

बतूल : म्हणाला, मग बस भिंतींशी बोलत. फोन ठेवला. मला वाटलं, राग आहे, चार दिवसांत उतरेल. ही दुसरी ईद गेली.

तय्यब : तुला जावंसं वाटत नाही?

बतूल : रोज वाटतं. रोज रे. सकाळी उठून बसते तेव्हा पाय खाली टेकायच्या आधी वाटतं, आज जाऊ या. त्याच्या हातून एक पेला पाणी पिऊन येऊ. केस कुठे पांढरे झाले असतील तर बघू. आणि मग वाटतं, गेले की झालं. त्याच्या मनातलं घर मीच बंद केलं असं होईल. म्हणून बसलेय. दुसरं काही नाही. मला वाटलं होतं, मी नाही जाऊ शकत तर आकडा तरी जाईल.

तय्यब : म्हणून खोटं बोललो. रात्री ठरवलं होतं, काहीतरी मोठा आकडा सांगून टाकायचा. तुला कुठे कळणार होतं.

बतूल : आणि तो खोटा आकडा पोराच्या पोटात गेला असता.

तय्यब : रोटीच गेली असती, लाल्ला.

बतूल : गप्प बस. मूळ संख्या म्हणालास. तिचा एकही वाटा नसतो? एकही? दोनशे वीसमध्ये किती होते. काल तू सुरुवात कशापासून केली होतीस?

तय्यब : एकापासून.

बतूल : मग याच्यात एक नाही?

तय्यब : आहे की. एकानं सगळ्यांनाच भाग जातो. तो धरतात, पण तो काय कुणाच्याही पोटात असतो. त्यात विशेष काही नाही.

बतूल : विशेष नसू दे. याच्यात दुसरं कोणी आहे का?

तय्यब : नाही. तो स्वतः, आणि एक.

बतूल : मग वाट्यांची बेरीज किती झाली?

तय्यब : एक.

बतूल : मग सरळ सांगायचं ना! दोनशे वीसच्या वाट्यांची बेरीज दोनशे चौऱ्याऐंशी, म्हणून तो त्याचा जोडीदार. माझ्या झुबैरच्या वाट्यांची बेरीज एक. म्हणजे त्याला एकाची ओढ आहे.

तय्यब : थांब, थांब. तसं नाही होत. जोडीदार म्हटला की दोन्हीकडून जमावं लागतं. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून परत याच्याकडे. एकाचे वाटे मांडायला गेलीस तर काही मिळतच नाही. शून्य. झुबैरच्या आकड्याकडून एकाकडे येता येतं. एकाकडून त्याच्याकडे जायला वाट नाही.

बतूल : परत सांग.

तय्यब : तो एकाकडे येऊ शकतो. एक त्याच्याकडे जाऊ शकत नाही.

बतूल : मग मी त्याला फोनवर दुसरं काय सांगत होते?

तय्यब : हेच सांगत होतीस.

बतूल : मी अडाणी, मला मांडता आलं नाही. राग आला असेल त्याला. वाटलं असेल, आईला भिंती प्याऱ्या. तू शिकवलंस ना त्याला पाढे, तूच तेव्हा असं सांगायचं होतंस.

तय्यब : मला तरी कुठे सुचलं होतं. तुझ्या तोंडून ऐकल्यावर सुचतंय.

बतूल : आणि काय काय उरतं म्हणालास वाटताना?

तय्यब : वेगवेगळं उरतं. सातानं भागलं की दोन उरतात, सतरानं भागलं की नऊ. पण एक गंमत झाली. दोनानं भागलं, एक उरला. तेरानं भागलं, एक उरला. एकोणीसनं भागलं, पुन्हा एक. दुसऱ्या फेरीत त्रेपन्नला पोहोचलो तेव्हा पहाट झाली होती. तिथेही एकच. मी पेन्सिल खाली ठेवली. तुला सांगतो, मलाही त्याची आठवण आली. सात वर्षांचा होता, या ओट्यावर बसून तेराचा पाढा म्हणायचा आणि एकशे चारला अडखळायचा.

बतूल : तेव्हा तुझ्या मिशीचे केस ओढायचा.

तय्यब : तेव्हा मिशी काळी होती. या घरात हसणारं कोणी होतं तेव्हा.

बतूल : पुरे. चहा घे. आणि रडायचं असेल तर तिकडे तोंड करून रड, कणकेत मीठ आधीच घातलंय.

तय्यब : रडत नाहीये.

बतूल : बरं. मग एक. एक आकडा कसा काढतात? मला आपला फोनवरचा ठाऊक आहे, पण तसाच ना?

तय्यब : तसाच. एक उभी रेघ. बस.

बतूल : एक उभी रेघ.

तय्यब : हो. काय झालं? अशी काय बघतेस कणकेकडे?

बतूल : तय्यब, आमच्या घरच्या रोटीची खूण काय आहे?

तय्यब : खूण? भट्टीवरची?

बतूल : भट्टीवर अख्ख्या गल्लीच्या रोट्या एकत्र भाजतात. प्रत्येक घराची खूण असते. तुझ्या घरची काय होती?

तय्यब : तीन बोटांचे ठसे. माझी बायको असताना. ती गेल्यापासून मी दुकानातूनच आणतो.

बतूल : आणि आमची?

तय्यब : तुमची... अगं!

बतूल : सासूबाईंनी पहिल्या दिवशी शिकवली. करंगळीच्या कडेनं, मधोमध, वरून खाली. म्हणाल्या, ही रेघ विसरलीस तर तुझी रोटी शेजारी खातील. मागच्या शुक्रवारी विसरलेच मी, तर फुलीची खूण असणाऱ्यांची रोटी आमच्याकडे आली, आमची त्यांच्याकडे. आज मुद्दाम एकीवरही ओढली नव्हती. म्हटलं, मोठा आकडा येणार आहे, जागा ठेवू.

तय्यब : म्हणजे तो जन्मल्यापासून...

बतूल : दात आल्यापासून. दात आल्यापासून एकच खात आलाय. आणि मी इथे तुला रात्रभर जागवलं.

तय्यब : जागलो ते बरं झालं.

बतूल : बघ, ही त्याची. सगळ्यात चांगली फुगलेली. अशी. वरून खाली. झाली.

तय्यब : दारावर कोणीतरी आहे.

जवाद : मावशी! अहो मावशी! मी येऊ का वर? गाडीवाला लवकर निघायचं म्हणतोय. बांधलं का सामान?

बतूल : ये ये. अजून भाजायच्या आहेत रे बाळा. गाडीवाल्याला म्हणावं, जेवून घे. शुक्रवार आहे, जेवल्याशिवाय कोण निघतं?

जवाद : सलाम, मास्तर. तुम्हीही इथेच? मावशी, जड काही देऊ नका हां. मागच्या वेळी अम्मीनं लोणच्याची बरणी दिली, बोटीत फुटली. आठवडाभर माझ्या कपड्यांना लिंबाचा वास. गोदीत सगळे म्हणायचे, जवाद आला, सरबत आलं.

बतूल : एकच रोटी आहे. ही. भाजून देते.

जवाद : एक रोटी? एवढ्यासाठी परवापासून निरोपावर निरोप? मला वाटलं, निदान... अरे! ही रेघ!

बतूल : काय झालं?

जवाद : नाही, हसू आलं. झुबैर करतो असं.

बतूल : काय करतो?

जवाद : हेच. आम्ही दुपारी क्रेनच्या सावलीत जेवायला बसतो. दुकानाचा लांबडा पाव असतो, आपल्यासारखा गोल नाही. हा पठ्ठ्या मोडायच्या आधी त्यावर हाताची कड ओढतो. आधीच भाजलेला पाव, त्यावर कसली उमटतेय रेघ. पण ओढल्याशिवाय खात नाही. आम्ही चिडवतो त्याला. एकदा विचारलं, काय रे, मंत्र आहे का? तर म्हणाला, नाहीतर शेजाऱ्यांकडे जाईल.

तय्यब : लाल्ला, बस जरा. स्टूल घे.

जवाद : मावशी? मी काही चुकीचं बोललो का? रोज करतो, वाईट काही नाही त्यात.

बतूल : रोज?

जवाद : मी बघतोय तेव्हापासून रोजच.

बतूल : कुठल्या हातानं?

जवाद : उजव्या. अशी, करंगळीची कड. वरून खाली.

बतूल : हं.

जवाद : काही निरोप सांगू का त्याला? म्हणजे, तो विचारत नाही तुमच्याबद्दल, खरं सांगतो. पण मी इकडे निघालो तेव्हा बसपर्यंत माझी बॅग घेऊन आला. बॅगेला चाकं होती तरी.

बतूल : निरोप नको. रोटी दे. पोहोचेपर्यंत शिळी होईल, तर म्हणावं, चुलीवर थोडी शेकून घे. आणि म्हणावं, दाराला कुलूप नाही.

जवाद : शिळी, शेक, कुलूप नाही. लक्षात राहील. मी गाडीवाल्याला थोपवतो.

तय्यब : गेला. लाल्ला, फळी मी नेतो भट्टीवर. तू बस. या बाकीच्यांवर रेघा ओढू का मी?

बतूल : ओढ. दोन सोडून. एकीवर तीन बोटं उमटव, ती तुझी. दुकानाचा पाव खाऊन खाऊन सुकलायस.

तय्यब : आणि दुसरी?

बतूल : ती माझी. सुई घे आणि तिच्यावर त्याचा आकडा लिही. सगळा. एक लाख चार हजार सातशे एकोणतीस. तुझं अक्षर बारीक आहे, मावेल.

तय्यब : लाल्ला, मी तुला सांगितलं ना, उलटीकडून वाट नाही म्हणून.

बतूल : ऐकलं मी. लिही तू. आणि भट्टीवाल्याला म्हणावं, आधी ही काढ. मला भूक लागलीय.